टीना फे की एमी पोलर: आधी कोणाचे आत्मकथन वाचावे?

विनोदाच्या व्यवसायातील एखाद्या अमेरिकी स्त्रीचे आत्मकथन वाचावे असे पणजीतील आमच्या वाचकमंडळींपैकी कोणाच्या मनात आले, की प्रश्न बहुधा दोन पुस्तकांपाशी येऊन अडतो: टीना फे यांचे ‘बॉसीपँट्स’ (२०११) आणि एमी पोलर यांचे ‘येस प्लीज’ (२०१४). दोघींची ओळख शिकागोतील उत्स्फूर्त विनोदाच्या रंगमंचावर झाली, पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणीवरील प्रहसनांच्या अमेरिकी कार्यक्रमात दोघींनी एकत्र काम केले, आणि २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात फे यांनी उपाध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवार सेरा पेलिन व पोलर यांनी हिलरी क्लिंटन रंगवून ते प्रहसन गाजवले. त्यामुळे दोन्ही पुस्तकांत तीच माणसे आणि तेच स्टुडिओ भेटतात, आणि एक वाचल्यावर दुसरे लगेच हाती घेण्याचा उत्साह राहीलच असे नाही.

माझी अडचण ‘येस प्लीज’च्या पहिल्या पानांपासूनच सुरू झाली. पुस्तक लिहिणे किती कठीण आहे, वेळ कसा मिळत नाही, हे पोलर प्रस्तावनेतच सांगतात. दूरचित्रवाणी मालिकेचे काम, दोन लहान मुलगे आणि नुकताच मोडलेला संसार, हे सारे लक्षात घेता त्या तक्रारीबद्दल सहानुभूतीच वाटते. परंतु प्रस्तावनेत ती ऐकून घेतल्यानंतरही, एखादा प्रसंग रंगात येत असताना लेखिका पुन्हा लिहिण्याच्या कष्टांकडे वळते, तेव्हा पाहुण्याला जेवायला बसवून स्वयंपाकाचा त्रास ऐकवल्यासारखे होते. इतरांना हा मोकळेपणा लोभस वाटू शकेल. माझा मात्र वाचनाचा ओघ दर वेळी तुटला.

याचे कारण दोघींच्या घडणीत असावे, असे मला वाटते. फे १९९९ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या मुख्य लेखिका झाल्या, आणि त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री. पोलर मुळात मंचावर सुचेल तसे खेळणाऱ्या कलावती. पेडण्याकडची दशावतारी नाटके पाहिलेल्या वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको: संहितेवाचून संवाद रंगवणाऱ्या नटाला समोर तोलामोलाचा दुसरा नट लागतो, आणि कागदावर तो नसतो. फे यांना त्याची उणीव भासत नाही. पेलिनची नक्कल, स्वतःच्या मालिकेत ओप्रा विन्फ्री यांच्यासोबतचे चित्रीकरण आणि मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाची तयारी हे सारे एकाच वेळी अंगावर आले, त्या दिवसांचे प्रकरण त्यांनी असे बांधले आहे की कोठेही एक वाक्य जास्तीचे वाटत नाही. मधुचंद्राच्या जहाजाला लागलेल्या आगीची हकीकतही तशीच.

मात्र फे स्वतःला फारसे उघडे करत नाहीत. वाचक जरा जवळ आला की त्या एखादा विनोद करून पुढे सरकतात. या बाबतीत पोलर यांचे पारडे निश्चितच जड आहे. एका अपंग मुलीला दुखावणाऱ्या प्रहसनात काम केल्याबद्दल तिची क्षमा मागायला आपल्याला काही वर्षे का लागली, हे त्यांनी ज्या प्रकरणात लिहिले आहे, त्याच्या तोडीचा प्रामाणिकपणा मला ‘बॉसीपँट्स’मध्ये आढळला नाही. केवळ त्या एका प्रकरणासाठीही ‘येस प्लीज’ मिळवावे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पुस्तक वाचण्याऐवजी ऐकायचे असेल, तर हिशेब बराच बदलतो. दोघींनीही आपापले पुस्तक स्वतः वाचले आहे. परंतु पोलर यांनी सेथ मायर्स, कॅरोल बर्नेट, पॅट्रिक स्ट्युअर्ट हे कलावंत आणि स्वतःचे आईवडील यांनाही ध्वनिमुद्रणात बोलावले, आणि समोर माणूस येताच त्या खुलतात. छापील पानावर मला खटकलेला पाल्हाळ तेथे गप्पांसारखा सहज वाटतो. मडगाव–पणजी शटलमध्ये रोज कानात काहीतरी लावून बसणाऱ्यांनी बिनदिक्कत त्यांच्यापासून सुरुवात करावी.

छापील पुस्तकच हवे असेल, तर माझा कल ‘बॉसीपँट्स’कडे आहे. ‘येस प्लीज’ची माझ्याकडे आलेली कापडी बांधणीची प्रत गुळगुळीत, जाड कागदाची आणि चांगलीच वजनदार आहे, पडून वाचताना मनगट दुखते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटू लागतात. ती घ्यायचीच असेल, तर निदान चतुर्थी होऊन जाऊ द्यावी.