तालुक्याचं व्हॉट्सॲप बातमी चॅनेल: वेगाला पाच, भरवशाला दोन

या चॅनेलांचा खरा कस पावसाळ्यात लागतो. जायकवाडी धरणाचे दरवाजे उचलले की विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा, आकडा इथं लगेच येतो. पेपरचं जिल्हा पान रात्रीच लागलेलं, त्यामुळे सकाळच्या अंकात तो शिळा. गोदाकाठच्या गावांना चॅनेल हवंच.

घोळ व्हिडिओत. जुन्या पुराची क्लिप दरवर्षी नव्यानं फिरते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख-ठिकाणाची नोंद गळालेली असते, म्हणजे फाइल तपासूनही उपयोग नाही. क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचा) आकडा, वेळ आणि पाटबंधारे खात्याचं पत्रक, यातलं एकही कमी असेल तर पुढं पाठवू नका.

सोयाबीनच्या भावात मात्र सपशेल नापास. ठळक अक्षरात नुसता कमाल दर, जो एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला. पेपरात आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण (बहुतेक मालाला मिळालेला दर) असा तक्ता असतो. गाडी भरायची ती सर्वसाधारण दर बघून. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर भाव आणखी खाली धरा.

पेपरचे वार्ताहरही हल्ली पहिली खबर इथूनच उचलतात, पण छापण्याआधी तहसीलला एक फोन लावतात. वर्गणी शून्य, मोबदल्यात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती बातमीसारख्या गिळायच्या. चुकलेली पोस्ट गुपचूप डिलीट होते, दुरुस्ती देत नाहीत.