किती पैसे पुरे? २५ पट की पोस्टाचं व्याज

रिटायरमेंटला किती पुरे विचारलं की हल्ली सगळे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट सांगतात, म्हणजे महिना ४० हजार लागत असतील तर १ कोटी २० लाख. पण हे गणित विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्याच आकड्यांवरून, पैसे ३० वर्षं पुरावेत असं धरून मांडलेलं, आपली महागाई वेगळी, मी तरी ३० पट धरेन.

दुसरं म्हणजे पोस्टातली सीनियर सिटीझन स्कीम. ३० लाख टाका, ८.२ टक्के दर धरला तर दर तीन महिन्यांनी ६१,५०० खात्यात, बाजार पडो नाहीतर चढो. आईबाबांना हेच आवडतं, आणि रात्री शांत झोप लागणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. फक्त रक्कम पाच वर्षं तेवढीच, आणि दूध, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता वाढतच जातो. म्हणून किराणा-लाईटबिल व्याजातून आणि वाढत्या खर्चासाठी इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्याच शेअर्समध्ये पैसे टाकणारा म्युच्युअल फंड), असं मला पटतं.