बाहुलीघराची लाकडी जमीन: काड्या, विनियरची पट्टी, तयार शीट की छापील कागद?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या एका यार्ड सेलमध्ये जुनं बाहुलीघर मिळालं. तीन मजले, सात खोल्या, मागची बाजू उघडी, भिंती आणि तळ जेमतेम ३ मिलिमीटर प्लायचे. प्रत्येक खोलीत कुणीतरी फेल्टचा गालिचा गरम गोंदाने चिकटवून टाकलेला. मुलीला घर खेळायला हवं होतं आणि मला त्याच्या जमिनी लाकडी करायच्या होत्या. मी तीन खोल्यांत तीन वेगळ्या तऱ्हा करून पाहिल्या, एका खोलीत कागद घातला, आणि आता त्यांच्यावरून दोन हिवाळे गेलेत. असंच जुनं घर हाती घेऊन काय निवडावं इथे अडलेल्यांसाठी हे लिहितेय.

कुठलंही सामान आणण्याआधी माप ठरवा. मोठ्यांच्या हौसेची बहुतेक बाहुलीघरं १:१२ मापात असतात, म्हणजे खऱ्या एका फुटाला इथे एक इंच. एडविन ल्यूटन्स यांनी, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्या ल्यूटन्सनीच, क्वीन मेरीसाठी आखलेलं आणि १९२४ साली पूर्ण झालेलं बाहुलीघर याच मापाचं आहे. ते विंडसर कॅसलमध्ये आजही बघायला मिळतं. बार्बीचं घर साधारण १:६ धरतात, तेव्हा तिथे खाली दिलेल्या फळ्यांच्या रुंद्या आणि वाशांची अंतरं दुप्पट करा.

माप कळलं की फळीची रुंदी आपोआप ठरते. अमेरिकेतल्या जुन्या घरांत ओकच्या अरुंद पट्ट्यांची जमीन असते, पट्टी सव्वादोन इंचांची. तिला बाराने भागलं की नेमके ३/१६ इंच येतात, पावणेपाच मिलिमीटर. त्याहून जुन्या, वसाहतकालीन घरांत पाइनच्या आठ-दहा इंची, कधी त्याहूनही रुंद फळ्या असत. म्हणजे आपल्या मापात पावणेदोन-दोन सेंटिमीटरची किंवा त्याहून थोडी रुंद पट्टी. घर कुठल्या काळातलं दाखवायचंय हे आधी ठरलं तर निम्मे पर्याय तिथेच गळतात.

काड्या

सगळे सुरुवात करतात ती इथूनच, मीही केली. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या साधारण १४ सेंटिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद आणि सव्वा-दीड मिलिमीटर जाड असतात. आइस्क्रीमची काडी १ सेंटिमीटर रुंद, पण २ मिलिमीटर जाड. इकडे दोन्ही बहुधा बर्चच्या. बर्चचे रेषे बारीक असतात, आणि १:१२ मध्ये हा मोठाच गुण. बाहुलीघरात लाकडाची नक्षी जितकी कमी दिसेल तितकं लाकूड खरं वाटतं.

हिशेब सांगते. माझी बैठकीची खोली १४ इंच बाय १० इंच, म्हणजे सुमारे ९०० चौरस सेंटिमीटर. काडीची गोल टोकं कापली की एका काडीचा साडेसात चौरस सेंटिमीटर तुकडा हाती येतो. १२० काड्या तर हव्यातच, शिवाय वाकड्या, गाठीच्या आणि कापताना फुटलेल्या धरून १४० घ्या. आइस्क्रीमच्या काड्या १०५ लागतील, तेव्हा शंभराच्या एका पाकिटात खोली पुरी होत नाही.

काड्यांचं सौंदर्य त्यांच्या असमानपणात आहे. एक काडी पिवळसर, शेजारची गुलाबी, तिसरीत तपकिरी रेघ. मी त्यांचे तीन ढीग केले. एक तसाच ठेवला, दुसरा कोऱ्या चहात बुडवला, तिसरा आधी चहात आणि वाळल्यावर लोखंडी व्हिनेगरमध्ये. स्टील वूलचा गोळा व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवला की हे पाणी तयार होतं. चहातलं टॅनिन आणि व्हिनेगरमध्ये उतरलेलं लोखंड यांची गाठ पडली की लाकूड जुनाट करडं होतं. बर्चमध्ये स्वतःचं टॅनिन फार कमी, म्हणून चहा टाळू नका. भिजलेल्या काड्या मात्र पुस्तकांच्या वजनाखाली वाळवा, नाहीतर पन्हाळीसारख्या वळतात. आणि रंग आधी, चिकटवणं नंतर. गोंदाचा थेंब पडला तिथे रंग शिरत नाही, पांढरा डाग कायमचा राहतो.

लावताना सांधमोड सांभाळा. शेजारच्या दोन पट्ट्यांचे सांधे एका रेषेत आले की जमीन लगेच खोटी दिसते. खऱ्या घरात फळीचं टोक खालच्या वाशावर येतं आणि इकडे वासे बहुधा १६ इंचांवर असतात. आपल्या मापात ते सव्वा इंचाहून थोडं जास्त. मी जमिनीखालच्या कार्डावर (पोस्टर बोर्डचं, ते का हे शेवटी सांगते) पेन्सिलीने वाशांच्या रेघा मारून घेतल्या आणि प्रत्येक सांधा कुठल्या ना कुठल्या रेघेवर आणला. टोकाशी टाचणीने दोन टोचे दिले की खिळे झाले. याला दोन शनिवार-रविवार लागले, पण घरातली सर्वांत सुंदर जमीन तीच आहे.

काड्यांचा खरा दोष जाडी. कार्ड धरून जमीन जवळजवळ २ मिलिमीटर वर येते. जुन्या घरात दारं बसवलेलीच असतात आणि ती आतल्या बाजूला उघडत असतील तर अडतात. जिन्याची पहिली पायरी बुटकी होते. नवं घर बांधताना हे आधी जुळवता येतं, दुरुस्तीत दाराचा तळ तासावा लागतो. माझं एक दार तासताना फाटलं.

इस्त्रीने चिकटणारी विनियर पट्टी

ही वस्तू बाहुलीघरासाठी बनलेली नाही. प्लायच्या कपाटाच्या कडा झाकायला खऱ्या लाकडाची पट्टी गुंडाळीत मिळते, मागे गरम झाल्यावर चिकटणारा गोंद. इकडच्या हार्डवेअर दुकानांत १३/१६ इंच रुंद, २५ फूट लांब अशी गुंडाळी सर्रास असते. तिच्यातून ३/१६ च्या चार पट्ट्या निघतात आणि थोडा कडेचा भाग वाया जातो. १४० चौरस इंचांच्या खोलीला एक गुंडाळी पुरून उरते.

तिच्यात मला दोन गोष्टी फार आवडल्या. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कार्डासकट एक मिलिमीटर, आणि एकही दार अडलं नाही. दुसरं म्हणजे गोंदात पाणी नाही, त्यामुळे काहीच वळत नाही. पट्टी ठेवायची, इस्त्री फिरवायची, आणि गार होईपर्यंत लाकडी ठोकळ्याने दाबून धरायची. ठोकळा लवकर उचलला तर कडा सुटतात.

उभी चिरणं हे कष्टाचं काम. पोलादी पट्टी घट्ट धरा आणि नव्या पात्याने हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. एकाच दमात कापायला गेलात तर पातं रेषेमागे भरकटतं. गुंडाळीत अधूनमधून दातेरी जोड असतात, ते कापून फेका. आणि निवडताना मेपल, बर्च किंवा चेरी घ्या. ओकची छिद्रं इथे बारापट मोठी वाटतात.

रंगाचं वैविध्य इथे कमी, कारण सगळी गुंडाळी बरीचशी एकसारखी असते. मी पट्ट्या उलटसुलट दिशेने लावल्या. उजेड प्रत्येक पट्टीवर वेगळा पडतो आणि तेवढ्यानेही जमीन जिवंत दिसते.

तयार शीट

हाउसवर्क्ससारख्या कंपन्या कागदावर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पट्ट्यांची ११ बाय १७ इंची शीट विकतात. १४ बाय १० ची खोली एका शीटमध्ये बसते. साचा ठेवा, वरून मास्किंग टेप लावा म्हणजे कडा फुटत नाहीत, आणि कापा. एका संध्याकाळचं काम. पण शीटपेक्षा खोली मोठी असेल तर दोन शीटमधला जोड लपवणं अवघड जातं. त्यात लोकप्रिय शीट लाल ओकची, आणि तिच्या नक्षीबद्दल वर म्हटलंच आहे. मागे पाण्याचा गोंद लावला की शीट तासाभरात गुंडाळी होऊ पाहते, तेव्हा रबर सिमेंट किंवा कॉन्टॅक्ट गोंदच वापरा. मी ती जेवणघरात घातली. टेबल-खुर्च्यांनी बरीच झाकली जाते, त्या खोलीला शोभते.

छापील कागद, आणि रेघा ओढणं

कागद न्हाणीघराबाहेरच्या बोळात घातला. लांबून चालतो, पण उजेड तिरका पडला की कळतंच, कारण फटींना सावली नसते. १२ बाय १२ इंची स्क्रॅपबुकचा कागद १४ इंचांच्या खोलीला पुरतही नाही. घरच्या इंकजेटवर छापलात तर वर पाण्याचं वॉर्निश लावू नका, शाई पसरते. मूल फार लहान असेल आणि रंग सांडणं रोजचं असेल तर कागद हा शहाणपणाचा पर्याय आहे, फाडून नवा घालता येतो.

असलेल्याच प्लायवर बॉलपेनने रेघा दाबून फळ्या दाखवायची युक्ती नव्या किटसाठी, म्हणजे सुट्या भागांतून जोडायच्या घरासाठी, छान आहे. जुन्या घरात जुना गोंद प्लायमध्ये मुरलेला असतो, रंग तिथे धरत नाही. मी खोली घासून पाहिली आणि सोडून दिली.

कुठे चिकटवता, हे कशापासून बनवता यापेक्षा मोठं

काड्यांची खोली मी दोनदा केली आहे. पहिल्यांदा ऑगस्टच्या दमट हवेत, दुसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या गोंदाने थेट प्लायवर. जानेवारीत घरातला हीटर महिनाभर चालला, हवा कोरडी पडली, काड्या आखडल्या आणि जाताना ३ मिलिमीटरचा प्लायही ओढून घेऊन गेल्या. वर जमीन वाटीसारखी झाली आणि खालच्या खोलीच्या छताला पोट आलं. काढायला गेले तर प्लायचा वरचा थर सोबत निघाला.

त्या फेब्रुवारीत बाबा मिरजेहून आले होते. त्यांनी सुतारकाम कधी केलं नाही, पण शिवणकाम करणाऱ्या घरात वाढले. घर फिरवून बघत म्हणाले, "अगं, आधी कागदाचा साचा काप. कापड अंगावर ठेवून कुणी शिवतं का?" तेव्हापासून सगळं बाहेर होतं. साध्या कागदाचा साचा खोलीत बसवायचा (जुन्या घराचा एकही कोपरा काटकोनात नसतो, गुण्यावर विश्वास ठेवू नका), तो पोस्टर बोर्डवर उतरवायचा, जमीन टेबलावर लावायची, रेषेच्या दिशेने आधी २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, मॅट किंवा सॅटिन वॉर्निश द्यायचं, आणि अख्खी जमीन मागच्या उघड्या बाजूने आत सरकवायची. चमकदार वॉर्निश नको, त्या मापात जमीन ओली वाटते. चहूबाजूंनी एक मिलिमीटर मोकळा सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं तेव्हा त्याला ती जागा लागते, आणि बाहेरून ती बेसबोर्डखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. आत चारच ठिकाणी दुहेरी टेप. दिव्यांच्या बारीक तारा जमिनीखालून नेल्या असतील तर पुढेमागे एखादी तार सुटणारच, आणि त्या दिवशी ही जमीन उचलता आलीच पाहिजे.

तेव्हा माझा सल्ला असा. घर मांडून ठेवायचं असेल, दारं बाहेर उघडत असतील किंवा अजून बसवायची असतील, तर दर्शनी खोलीत काड्या घाला आणि त्यासाठी वेळ द्या. भिंती-दारं-जिना सगळं आधीच पक्कं असलेलं जुनं घर असेल तर विनियर पट्टी, यात मला शंका नाही. सात-आठ खोल्या एका सुट्टीत उरकायच्या असतील तर मागच्या आणि वरच्या खोल्यांत शीट. एका घरात सगळीकडे एकच जमीन हवी हा आग्रह सोडा. जुन्या घरांत स्वयंपाकघराची फळी आणि बैठकीची फळी अनेकदा वेगळीच असते, आणि दोघींच्या मधे उंबरठ्याची एक आडवी पट्टी टाकली की मिलिमीटरभर उंचीचा फरकही मिटतो.

पुण्या-मुंबईत हे करणाऱ्यांसाठी थोडं. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या आइस्क्रीम काड्या आणि ढवळण्या बंद झाल्या, त्यामुळे लाकडी काड्या आता शोधाव्या लागत नाहीत. प्लायच्या दुकानात "विनियर" मागितलंत तर बहुधा ३-४ मिलिमीटर प्लायवर चढवलेली आठ बाय चार फुटांची शीट दाखवतील, ती इथे निरुपयोगी. नुसत्या लाकडाची एज बँड पट्टी विचारा, प्लास्टिकची नव्हे, किंवा फर्निचरच्या कारखान्यात पातळ विनियरची कातरण मागा. साग मोहात पाडतो, पण त्याचे रेषे ओकसारखेच ठळक. आणि ऐन पावसाळ्यात जमीन लावू नका. लावायचीच असेल तर लाकूड आठवडाभर त्याच खोलीत पडू द्या.

माळ्याची खोली मी शेवटी ठेवली होती. तिथे गुंडाळी चिरलीच नाही. १३/१६ इंच म्हणजे १:१२ मध्ये पावणेदहा इंचांची फळी, आणि मिरजेच्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर अशाच वीतभर रुंद फळ्या होत्या. त्यांच्या फटींतून खालच्या ओटीवरचा दिवा दिसायचा. कार्ड आधी काळं रंगवलं, दोन फळ्यांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली, आणि वॉर्निशऐवजी नुसतं मेण चोळलं. मुलगी त्या खोलीत बाहुलीला पालथी झोपवते, फटीतून खाली बघायला.