सेंटिनेल-५पीचा नायट्रोजन डायऑक्साइड डेटा: फुकट आहे, पण जपून वाचा

शहरावरच्या नायट्रोजन डायऑक्साइडचा नकाशा फुकटात हवा असेल, तर सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाला तोड नाही. ‘आमच्या चौकात आज हवा कशी आहे?’ असा प्रश्न असेल, तर मात्र इथे वेळ घालवू नका.

ऑक्टोबर २०१७मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे हवेतले वायू मोजणारं उपकरण रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातं. एक पिक्सेल ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा. दादरचा पूल आणि शिवाजी पार्क बहुधा एकाच आकड्यात जातात. गूगलच्या अर्थ इंजिन या नकाशा-डेटाच्या सेवेवर हाच डेटा साधारण एक किलोमीटरच्या चौकटींत दिसतो आणि नवखा माणूस तिथेच फसतो. चौकट बारीक केली म्हणून मोजमाप बारीक होत नाही.

वेळेचीही गोम आहे. सकाळ-संध्याकाळची कोंडी उपग्रह पाहतच नाही. भर दुपारी उन्हाने हा वायू फुटतो, उरलेला वरपर्यंत पसरतो. म्हणून जमिनीवरच्या केंद्राशी तुलना करताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून दर १५ मिनिटांचे आकडे घ्या आणि त्यातले फक्त उपग्रह वरून जातो त्या वेळेच्या आसपासचे ठेवा. एक्यूआयशी (हवा गुणवत्ता निर्देशांकाशी) ताडून पाहणं तर साफ चूक, कारण तो २४ तासांच्या सरासरीवर चालतो आणि बऱ्याचदा धूलिकणांवरच ठरतो. एककंही वेगळी: उपग्रहाकडे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या अख्ख्या स्तंभातले मोल प्रति चौरस मीटर, जमिनीवरच्या केंद्रात मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. साध्या गुणाकाराने एकाचं दुसरं होत नाही.

ऋण आकडे दिसले तर गाळू नका. तो मोजमापातला गोंगाट आहे, म्हणजे आकडा कधी थोडा वर, कधी थोडा खाली जातो. गाळलात की स्वच्छ भागाची सरासरी उगाच फुगते. २०१९ आणि २०२२ शेजारी ठेवायचे असतील तर पुनर्प्रक्रिया केलेला, म्हणजे सगळी वर्षं एकाच पद्धतीने पुन्हा काढलेला, एकाच आवृत्तीचा डेटा घ्या. मधल्या काळात गणनापद्धती बदलली आणि प्रदूषित भागांतले आकडे वर सरकले. हवा होती तीच.

पावसाळ्यात मुंबईचा नकाशा ढगांमुळे चाळणीसारखा होतो, ते चार महिने सोडूनच द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सरासरी काढली की खरा कस लागतो: चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा डाग आजूबाजूच्या शेतीपट्ट्यातून उठून दिसतो. जिथे मोजणी केंद्रच नाही, तिथे एवढी माहितीही मोलाची.

पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, यात नाहीत.

जमिनीवरचे आकडेही डोळे झाकून घेऊ नका. एकच आकडा तासन् तास जसाच्या तसा दिसला, तर यंत्र अडकलंय. तो दिवस तुलनेतून काढा.