अर्जुनच्या वाटेनं की टी-72च्या? काल्पनिक सैन्याचा रणगाडा ठरवताना

माझा एक मित्र दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. दोन काल्पनिक देश, मधून वाहणारी नदी आणि चाळीस वर्षं चिघळलेला सीमावाद. कथेतल्या सैन्याला रणगाडा हवा. तो तयार, चकचकीत असा अवतरायला नको. त्याचा जन्म, दुखणी, दुरुस्त्या, सगळं कथेत यायला हवं. त्याचा प्रश्न सरळ होता: "अर्जुनसारखा दाखवू की टी-72सारखा?" म्हणजे देशानं कोऱ्या कागदावरून स्वतः आखलेला, की बाहेरून घेऊन सुधारत नेलेला?

फोनवर सांगत बसण्यापेक्षा त्याला नगरला बोलावलं (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही). इथं आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं, केंद्र आहे आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. गडी विजयंता या जुन्या रणगाड्यापाशी थांबला, ट्रॅकच्या (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याच्या) एका कडीवर पंजा ठेवला आणि उन्हात तापलेलं लोखंड लागताच "आई गं" करून हात झटकला. म्हटलं, हे लिहून ठेव, कथेत कामाला येईल.

रणगाडा ठरवताना सगळे आधी तोफ आणि चिलखत बघतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या देशातले पूल किती टन पेलतात ते आधी ठरव, मग रणगाड्याचं बोलू. त्याला ते गंमतीचं वाटलं. तसं ते नाहीये.

कोऱ्या कागदावरून: अर्जुन

भारतीय सैन्यानं दोन्ही वाटा एकाच काळात चालून पाहिल्या आहेत, तेही चेन्नईजवळच्या आवडी या एकाच गावात. अर्जुनची कहाणी 1972 मध्ये सैन्यानं मांडलेल्या मागणीपासून सुरू होते. 1974 मध्ये सरकारनं साडेपंधरा कोटी रुपये मंजूर केले. सुरुवातीची कल्पना 105 मिमी तोफेच्या, 40 टनांच्या घरातल्या रणगाड्याची होती.

मग नेहमीचं झालं. शेजाऱ्याच्या दारात काय उभं राहतंय त्यावरून आपली मागणी बदलत गेली. पाकिस्तान अमेरिकेकडून एब्रम्स रणगाडे घेणार अशी हवा होती. पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया 17 ऑगस्ट 1988 ला बहावलपूरजवळ त्याच रणगाड्याचं प्रात्यक्षिक बघायला गेले. प्रात्यक्षिक फसलं, परतताना त्यांचं विमान कोसळलं आणि एब्रम्स पाकिस्तानात कधी आलाच नाही. कल्पित म्हणून हे लिहिलं तर संपादक "जरा अति होतंय" म्हणून परत पाठवेल. पण तोवर अर्जुनची तोफ 120 मिमीची झाली होती, कांचन हे नवं चिलखत अंगावर चढलं होतं आणि वजन साडे-अठ्ठावन्न टनांवर पोचलं. स्वतःचं इंजिन काही जमलं नाही, म्हणून जर्मन एमटीयू कंपनीचं 1400 अश्वशक्तीचं बसवलं.

2000 मध्ये 124 रणगाड्यांची मागणी नोंदली गेली आणि पहिली रेजिमेंट, 43 आर्मर्ड, 2009 मध्ये पूर्ण सजली. मंजुरीपासून 35 वर्षं. चोविसाव्या वर्षी प्रकल्पावर रुजू झालेला इंजिनिअर तेव्हा पेन्शनच्या कागदांवर सह्या करत असणार. अशी पात्रं कथेला आयती मिळतात.

घेतलेला आणि सुधारत नेलेला: टी-72

टी-72 सत्तरच्या दशकाअखेरीस सोव्हिएत संघाकडून आला आणि पुढच्या दशकात आवडीच्या कारखान्यात बनू लागला. नाव 'अजेय'. मग एकेक ठिगळ: अंगावर स्फोटक विटा (ईआरए, गोळा आदळला की बाहेरच्या बाजूला फुटून त्याची धार मोडणाऱ्या), रात्री दिसणारी साधनं, आग विझवायची यंत्रणा. 2025 च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी 1000 अश्वशक्तीची नवी इंजिनं घ्यायचा करारही झाला. जन्मतः इंजिन 780 अश्वशक्तीचं. म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्या घराण्याला नवं हृदय.

टी-90 याच घराण्यातला. आखाती युद्धात इराकचे टी-72 इतके जळाले की रशियानं सुधारलेल्या टी-72चं नावच बदलून टाकलं. पाकिस्ताननं युक्रेनकडून टी-80यूडी घेतले, त्यावरचं भारताचं उत्तर म्हणजे 2001 चा करार: 310 टी-90, पैकी 124 तयार आणि 186 आवडीत जोडायचे. पण राजस्थानच्या उन्हात त्यांच्या थर्मल (उष्णतेवरून बघणाऱ्या) दुर्बिणी हाय खाऊ लागल्या. काही भागांचं तंत्रज्ञान हातात यायलाही वेळ गेला. आवडीत खऱ्या अर्थानं घडवलेला पहिला 'भीष्म' (टी-90चं भारतीय नाव) बाहेर पडला तो 2009 मध्ये, अर्जुनची पहिली रेजिमेंट पूर्ण झाली त्याच वर्षी. विकत घेतला की लगेच मिळतो, या समजुतीवर मी तेव्हापासून फार भरवसा ठेवत नाही.

वजन

इथं जरा थांबतो, कारण कथेचा निम्मा भूगोल यावर ठरणार आहे.

दर टनामागे किती अश्वशक्ती, हा हिशेब मांडून बघा. जुना टी-72: साडे-एक्केचाळीस टन, 780 अश्वशक्ती, म्हणजे टनाला साधारण 19. टी-90: साडे-सेहेचाळीस टन, 1000 अश्वशक्ती, म्हणजे साडे-एकवीस. अर्जुन एमके-1 (पहिला प्रकार): साडे-अठ्ठावन्न टन, 1400 अश्वशक्ती, जवळपास 24. सगळ्यांत चपळ अर्जुनच. मग सुधारणा आल्या. एमके-1ए मध्ये सत्तरच्या वर बदल झाले, चिलखत वाढलं, साधनं वाढली आणि वजन 68 टनांवर गेलं. इंजिन मात्र तेच 1400 चं. भागाकार करा, आकडा साडेवीसवर येतो. टी-90च्याही खाली. उलट जुन्या टी-72ला 1000 चं इंजिन बसलं की तो 23-24 च्या आसपास जातो, अंगावरच्या विटा धरून थोडा कमी. म्हातारा तरुणाच्या पुढं पळायला लागतो.

सुधारणा म्हणजे नुसती भर, असं लिहिणाऱ्यांना हा भागाकार दाखवायला हवा.

वाळवंटात वजनाचं इतकं अडत नाही. अर्जुनचे ट्रॅक रुंद आहेत, त्यामुळे जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा दाब हलक्या रणगाड्यांपेक्षा जास्त होत नाही. वाळूत तो छान चालतो आणि त्याची नेमणूकही राजस्थानात झाली. पण पुलाला दाब कळत नाही, त्याला एकूण टन कळतात. कालव्यांवरचे पूल, रेल्वेचे सपाट वाघिणी-डबे, रणगाडा वाहून नेणारा ट्रेलर, बिघडलेला रणगाडा ओढून काढणारं वाहन, सगळं 68 टनांच्या हिशेबानं नव्यानं घ्यावं लागतं. मित्राच्या कथेत मधोमध नदी आहे आणि तिच्यावर इंग्रजांच्या वळणाचा एकच लोखंडी पूल. अर्जुन तिथं आला की कथा पुलावरच अडकेल. ते वाईट नाही म्हणा. अख्खं प्रकरण निघेल.

तोफ आणि दारूगोळा

अर्जुनच्या 120 मिमी नळीत आतून पेच, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, आहेत. अशा नळीतून हेश नावाचा गोळा चांगला जातो. तो भिंतीवर चपातीसारखा थापला जातो, मग फुटतो आणि आतल्या बाजूचे तुकडे उडवतो. बंकर फोडायला उत्तम. पण आजच्या बहुतेक सैन्यांनी गुळगुळीत नळी घेतली आहे. पेचाची नळी ठेवली की बाजारातून गोळे उचलता येत नाहीत, कारखाना घरचाच लागतो. टी-72ची 125 मिमी गुळगुळीत नळी अर्ध्या जगात आहे. युद्धाच्या विसाव्या दिवशी गोळे संपत आले तर मागायला दार तरी असतं. कथेतला देश मित्रांशिवाय एकटा लढणार असेल तर हा मुद्दा निकाली निघतो. नसेल तर दारूगोळा देणारा देश हेच एक पात्र होतं, आणि ते फार सज्जन असेल असं नाही.

आत कोण बसतं

अर्जुनमध्ये चौघं: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. टी-72 आणि टी-90 मध्ये तिघं, कारण गोळा भरायचं काम यंत्र करतं. बुरुजाखालच्या (बुरुज म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग) गोल फिरत्या चकतीत 22 गोळे आणि त्यांची दारू आडवी ठेवलेली असते. यंत्र आधी गोळा ढकलतं, मग दारू. तोफ उडाली की दारूच्या आवरणाचं धातूचं बूड बुरुजामागच्या छोट्या झडपेतून खण्णकन बाहेर फेकलं जातं. कथेत हा आवाज हवाच.

तीन माणसं म्हणजे रणगाडा बुटका, हलका, स्वस्त. पण कमांडर आणि गनर त्या दारूच्या चकतीवरच बसलेले असतात. चिलखत भेदून काही आत आलं आणि चकती पेटली की अख्खा बुरुज उडतो. 1991 मध्ये इराकमध्ये आणि 2022 पासून युक्रेनमध्ये हे जगानं पाहिलंय. अर्जुन एमके-1ए मध्ये गोळे वेगळ्या बंद पेट्यांत ठेवायची सोय झाली आहे.

चौथ्या माणसाचं मोल लढाईबाहेर कळतं. ट्रॅक तुटला की चिखलात गुडघ्यावर बसून पिन ठोकायला, रात्री पहाऱ्याच्या पाळ्या वाटून घ्यायला, चहा करायला. तिघांत एकाला ताप आला तर उरलेल्या दोघांना झोप नाही. शिवाय लोडर हा सगळ्यांत कनिष्ठ, बाकीच्यांच्या शिव्या खाणारा. संवाद लिहिणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

मग कुठला घ्यायचा?

कथेचा नायक इंजिनिअर असेल आणि खरं युद्ध फायलींमधलं असेल, तर अर्जुनची वाट. राजस्थानातल्या महाजनच्या सरावाच्या मैदानात 2010 मध्ये अर्जुन आणि टी-90 समोरासमोर तपासले गेले, अर्जुन सरस ठरल्याच्या बातम्या आल्या, तरी 118 एमके-1ए चा करार व्हायला सप्टेंबर 2021 उजाडलं. परीक्षा पास झालेला मुलगा अकरा वर्षं नोकरीची वाट बघतोय, अशी ही गोष्ट. कुणालाच पूर्ण खलनायक न करता लिहिता येईल.

माझ्या मित्राची कथा मात्र नदीकाठच्या तीन आठवड्यांच्या लढाईची आहे. तिथं टी-72ची वाट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. रणगाडा पूल ओलांडेल, संख्येनं भरपूर दाखवता येईल, आणि बापानं चालवलेल्याच रणगाड्यात मुलगा नव्या इंजिनासकट बसू शकेल. किंमतही कथेतच चुकती होईल, त्या चकतीवर.

एक गोष्ट त्याच्या यादीत नव्हती, ती मी घुसवली: सरावाचं मैदान. नगरजवळच्या के. के. रेंजवर 2020 मध्ये अर्जुनवरून लेझरच्या दिशेनं जाणारं क्षेपणास्त्र डागून तपासलं गेलं. हे 'के. के.' म्हणजे खारे कर्जुने, गावाचं नाव. रणगाड्याला पळायला आणि डागायला जमीन लागते, ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, आणि रेंजच्या हद्दीचा विषय निघाला की आमच्याकडं गावंच्या गावं गोळा होतात. काल्पनिक देशातही शेतकरी असतीलच.

परवा त्याचा फोन आला. टी-72च ठरलंय, पुलाचं प्रकरण लिहून झालंय, लोडर नसल्यानं मात्र तो हळहळतोय. रणगाड्याचं नाव 'वज्र' ठेवू का, म्हणाला. म्हटलं, के-9 वज्र म्हणून हजिरात बनलेली, ट्रॅकवर स्वतः चालणारी तोफ सैन्यात आधीच आहे, आणि तिला रणगाडा म्हणणारे आधीच कमी नाहीत. दुसरं शोध.