लहान अभंग की मोठा अभंग? तुकोबांच्या दोन ओळी समोर ठेवून

जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया

दोन्ही तुकोबांचे, दोन्ही अक्षरछंदात. म्हणजे लघु-गुरू बघायचे नाहीत, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं.

पहिला लहान अभंग: आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. पण ‘रंजले गांजले’ हे जुळणं पहिल्या चरणाच्या आतच होतं, त्यामुळे ‘आपुले’ येईपर्यंत कान तयार असतो. बोलीच्या जवळचा, ठाशीव छंद. ‘तोचि साधू ओळखावा’ असा निवाडा द्यायला तो अगदी योग्य.

मोठ्या अभंगाची मांडणी ६-६-६-४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात (विटेवरी, कटावरी). चौथा तोकडा चरण मोकळाच. मला खरी जादू इथे वाटते: यमक ओळीच्या मध्येच मिटतं आणि ‘ठेवोनिया’वर नजर रेंगाळते. मूर्ती न्याहाळायला हीच चाल हवी. पुढे ‘तुळसीहार गळां’ मोजा, सात अक्षरं भरतात. गाताना ते जास्तीचं अक्षर सहज सामावतं, म्हणून ती चूक समजू नये. पुनरुक्तीही इथे दुरून येते: पहिल्या चरणातलं ‘ध्यान’ दुसऱ्या ओळीच्या टोकाला ‘हेंचि ध्यान’ होऊन परततं आणि शेवटी त्याच ‘हेंचि’ला ‘सर्व सुख’ जोडलं जातं.

अक्षरं मोजायला नुकतीच सुरुवात केली असेल तर लहान अभंग आधी घ्या. रसग्रहण लिहायचं असेल तर मात्र मी मोठाच निवडेन.