आधी पाइप, मग पंप: शॉवरचा जोर आणि ओली भिंत, वर्षभराच्या वापरानंतर

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांची रीत एकच. पाणी सुटलं की हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. आमचं विजापूर रोडकडचं घर तीस वर्षांहून जुनं, वरचा मजला नंतर चढवलेला. खाली नळाला बरी धार, पण वरचा शॉवर नुसता ठिबकायचा. दुसरं दुखणं खालच्या मजल्यावर होतं. बाथरूमला लागून सासूबाईंची खोली आहे, तिची भिंत बारा महिने ओली. रंगाचे पोपडे सुटलेले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास. एका रंगवाल्याने ‘ओल येणारच नाही’ अशी गॅरंटी देऊन भिंतीवर वॉटरप्रूफ कोट मारला होता. एक पावसाळाही धड गेला नाही, तो कोट फुगून साल निघावी तसा सुटला. फोन केला तर उचलायला कुणी नाही.

शॉवरसाठी ज्याला विचारावं तो म्हणे, मोठी टाकी बसवा. त्याने काही होत नाही. पाण्याचा दाब टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी ५०० लिटरची की २००० ची यावर नाही. साधारण ३३ फूट उंचीला १ किलो दाब (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो) मिळतो. आमच्या शॉवरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम ८ फूट, म्हणजे पाव किलोही नाही. एवढ्यावर आजकालचे मोठ्या थाळीचे शॉवर चालतच नाहीत. तेव्हा प्रेशर पंप घ्यायचाच, असं ठरलं.

पंप बघायला आलेले प्लंबरमामा जुने, हाडाचे कारागीर. त्यांनी आधी खालची ओली भिंत पाहिली आणि म्हणाले, “ताई, एप्रिलात भिंत ओली आहे म्हणजे हे पावसाचं पाणी नाही. पाइप गळतोय. वरून पंपाचा जोर दिला तर ही भिंत वाहायला लागेल.” हे वाक्य मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यांत मोलाचं वाटतं. दोन्ही मजल्यांची लाइन एकाच टाकीवरून उतरते, त्यामुळे वर वाढवलेला दाब खालच्या सडलेल्या पाइपावरही पडणार.

त्यांनी नळ काढून तिथे डमी, म्हणजे बुचं बसवली, हातपंपाने लाइनमध्ये ५ किलो दाब भरला आणि घड्याळ लावून बसले. पाव तासात काटा ३ च्या खाली. मग एकेक भाग बंद करत गळती नेमकी गरम-गार मिक्सरच्या मागच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर आणली. टाइल फोडली, तर अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला आट्यांपाशी गंज चढून सुईएवढं भोक पडलेलं. पाइपाचा तुकडा कापून उजेडात धरला, तर आत पाण्यातला पांढरा-तपकिरी क्षार इतका बसलेला, की करंगळीही जाईना. कमी दाबातला अर्धा वाटा या क्षाराचा होता, हे तेव्हा कळलं. जुनी सगळी लाइन बदलून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची टाकली. जोड चिकटवायचं सोल्युशन एक दिवस वाळू दिलं, १० किलोवर टेस्ट घेतली, आणि काटा जागचा हलला नाही तेव्हाच खाचा बुजवल्या. तुमचा प्लंबर टेस्ट न घेता सिमेंट लावायला निघाला, तर हात धरून थांबवा.

भिंतीचं काम त्याहून सावकाशीचं. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा विटेपर्यंत उतरवला आणि खोली तशीच सोडली. विटांवर पांढरा खार फुटत राहायचा, तो कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडून सुपलीत भरून बाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचं नाही, नाहीतर तोच खार विरघळून परत विटेत जातो. सोलापूरचं ४२-४३ अंशांचं ऊन एरवी जीव काढतं, पण भिंत वाळवायला त्याच्यासारखं साधन नाही. खिडक्या उघड्या, वर पंखा. वाळली की नाही हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून विटांवर दोन दिवस ठेवायचा. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर अजून ओल आहे. थेंब दिसेनासे झाले तेव्हाच गिलावा केला, सिमेंटच्या गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड घालून. पीओपी आणि पुट्टी सुरुवातीला अजिबात नको, दोन्ही ओल धरतात. सगळा पावसाळा भिंत बिनरंगाची ठेवली. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, पण दिवाळीआधी रंग दिला तो, फरशीलगतचा भाग सोडला तर, आजही जसाच्या तसा आहे. वास गेला. त्यांच्या साड्या परत त्या कपाटात गेल्या, याचं मला खरंच समाधान आहे.

आता पंप. अर्धा एचपीचा, टाकीच्या खालच्या आउटलेटवर. नळ उघडला की सुरू, बंद केला की बंद. दीड किलोच्या आसपास जोर वाढला. शॉवर छान चालतो, वॉशिंग मशीन पटकन भरतं. टाकी रिकामी असली की कंट्रोलर पंप बंद पाडतो. आमच्या गावात ही सोय नसलेला पंप घेऊच नये. लाइट गेली तर पाणी उताराने मिळत राहावं म्हणून पंपाला वळसा घालणारी बायपास लाइन काढून घेतली, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), तोही हवाच. पंपाच्या आधीची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुते, पावसाळ्यात गाळ जास्त निघतो. शॉवरची भोकं क्षाराने बुजतात, त्याला लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी पुरतं.

न मागता एक फायदा झाला. मध्ये रात्री घरात सगळे नळ बंद असताना पंप थोड्या थोड्या वेळाने दोन सेकंद गुरगुरायचा. शोधलं तर वरच्या फ्लशचा वॉशर गळत होता. आता पंप उगाच वाजला की लगेच गळती शोधायची, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तक्रारीही आहेत. मोठी म्हणजे सोलरची. आमचा सोलर साधा, उताराने चालणारा, वर हवेची नळी उघडी असलेला. त्याच्या टाकीला पंपाचा दाब देता येत नाही, टाकी फाटू शकते. म्हणून पंप फक्त गार लाइनवर. परिणामी मिक्सरमध्ये गार पाणी जोरात आणि गरम दबून जातं. उलटं गार पाणी गरम लाइनमध्ये शिरू नये म्हणून तिथेही नॉन-रिटर्न बसवावा लागला. थंडीत आम्ही गरम पाणी बादलीतच घेतो. ज्यांना गरम शॉवरच हवा, त्यांनी सोलरच्या आउटलेटवर गरम पाणी सोसणारा वेगळा पंप धरूनच खर्च मांडावा. दुसरं, आवाज. गच्चीखालच्या खोलीत दुपारी ऐकू येतो. खाली रबर टाकल्यावर कमी झाला, गेला नाही. पंपावर ऊन-पावसासाठी पत्र्याची टोपी केली आहे, बाजू मोकळ्या ठेवून, नाहीतर मे महिन्यात मोटर तापते.

हा पंप म्हणजे महापालिकेच्या नळाला थेट लावायची मोटर नव्हे. ती बेकायदा तर आहेच, शिवाय लाइनमध्ये ओढ निर्माण करून फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत खेचते. ते शेजारच्या घरातही जातं. पाळीच्या दिवशी कितीही बारीक धार असली तरी पाणी आधी हौदातच घ्यावं.

भिंतीचा खालचा फूटभर भाग मात्र अजून पुरता सुटलेला नाही. फरशीलगत बारीक खार परत दिसतो. तो पाइपाचा नाही, जमिनीतून चढणारा आहे, कारण जुन्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेलाच नव्हता आणि बाहेर काळी माती भिंतीला टेकलेली आहे. गवंडी म्हणतो की माती जोत्याच्या खाली उतरवून भिंतीपासून दूर जाणारा उतार काढू, शहाबादी फरशी बसवू. पंप आणि त्याच्या फिटिंगला अकरा-बारा हजार गेले, पाइप आणि गिलाव्याला त्याच्या तिपटीहून जास्त. उताराचं काम या उन्हाळ्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत करून घेणार आहोत.